गोराईच्या वाळूतलं डावं वळण

४ जानेवारी, रविवार

गाडीचा खरा खर्च आज बसून मांडला. पाइप फुकट, लिफ्टच्या जुन्या केबिनचे कठडे, भंगारात जाणारच होते. चाकं मर्विनने दिली, त्याच्या पहिल्या गाडीची. पतंगही त्याचाच, उसना. म्हणजे खिशातून जवळजवळ काही नाही. बाकी खर्च असा : चार रविवार. लताचा दीड दिवस अबोला. विहारातली एक मीटिंग बुडाली (खजिनदार मीच). वर्कशॉपमधली पोरं पाठीमागे हसतात ते वेगळं. आणि उजव्या ढोपराची साल, ती आज गेली.

पण चालली! तीन चाकं, मधे बुडापुरती झोळी, जमिनीपासून वीतभर वर. इंजिन नाही, ब्रेक नाही. पुढचं चाक पायांनी फिरवायचं, हातात दोन मुठी, मुठींना चार दोऱ्या, वर खाटेएवढा पतंग. वारा त्याला ओढतो, तो आपल्याला. अडीचची बोट धरून खाडीपलीकडे गोराईला गेलो तेव्हा ओहोटी लागली होती, वाळू फरशीसारखी. उत्तरेकडे एकदम सरळ सुटलो. सत्तावन्न वर्षांत इतक्या वेगाने इतक्या शांततेत कधी गेलो नव्हतो.

मग किनारा संपला. वळता येत नाही ना. पतंग खाली पाडायचा, झोळीतून उठायचं, गाडी हाताने उलटी करायची, पतंग परत उडवायचा. असं सहा वेळा. मासे सुकवणाऱ्या बायका काम टाकून बघत होत्या. एक म्हणाली, "काका, घोडा कुठं सोडलात?" मी वर बोट केलं. हसून लोळल्या.

मर्विन हसला नाही. गोराईचाच माणूस, चौदा वर्षं आखातात नोकरी केली, तिथल्या वाळवंटात हे शिकून आला. म्हणाला, "खरात, सरळ कोणपण जातो. वळला तर ड्रायव्हर. नाय तर तू गाडीवरचं पोतं."

५ जानेवारी, सोमवार

खांदे जागेवर नाहीत. ताटाकडे हात नेताना लता बघत होती. तिने लोणचं जवळ सरकवलं.

घाटकोपरला दोन लिफ्टची सर्व्हिस. वर्कशॉपमधला सावंत बरोबर. शिडी चढून वरच्या मशीन रूममध्ये गेलो आणि लिफ्ट पहिल्याच मजल्यावर थांबली त्या आवाजावर सांगितलं, ब्रेकचं लायनिंग घासलंय. उघडलं, तर घासलेलं. सावंत : "सायेब, तुमच्या कानाक काय ता मीटर लावलेला हा काय?"

हा कान आहे म्हणून मी आहे. याच घाटकोपरच्या टेकडीवरून खाली उतरून एका मिस्त्रीच्या हाताखाली टॉर्च धरायला लागलो तेव्हा दहावी नापास होतो. तो मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचा आणि मूठ कानाला. बेअरिंगच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. उजव्या हातात टॉर्च म्हणून डाव्या हाताने, डाव्या कानाला लावायची सवय पडली. तीच अजून आहे. आता वर्कशॉप माझं, सहा माणसं माझी, टॉर्च मोबाइलमध्ये, पण उजव्याच हातात.

मर्विन पण त्या आवाजातूनच आला म्हणायचा. दसऱ्याच्या सुमाराला तुटलेला ॲक्सल घेऊन दहिसरला माझ्या वर्कशॉपमध्ये आला, वेल्डिंग करून द्या म्हणाला. मी नुसता ठोकून सांगितलं की दुसरीकडेही चीर आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "तू एकदा गोराईला ये."

११ जानेवारी, रविवार

ओहोटी दुपारची, लवकर गेलो. वारा एकनंतर आला.

आज वळण. मर्विनने वाळूत बोटाने काढून दाखवलं. आधी पतंग, मग पाय, मग परत पतंग. म्हणजे पतंग हळूहळू डोक्यावर न्यायचा, ओढ कमी होते. त्या क्षणी पायाने चाक वाऱ्याच्या पाठीकडे, वारा जातो तिकडे, फिरवायचं. गाडी तोंड फिरवते आहे तोवर पतंग दुसऱ्या बाजूला खाली आणायचा. तो ओढ घेतो, गाडी सुटते. ऐकायला सोपं.

पहिल्यांदा पाय आधी मारला. गाडी वळली, पतंग मागेच राहिला, दोऱ्या सैल, पतंग गोते खायला लागला. आणि माझे हात आपसूक पुढे! ढील द्यायला! चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी टेकडीवर पतंग उडवले ते सगळं शरीरात तसंच. इथे कसली ढील? दोऱ्या मोजून बांधलेल्या. पतंगात परत हवा भरली आणि त्याने मला झोळीतून असा काढला की गाडी एकीकडे, मी पोटावर एकीकडे.

म. : "तुझे हात अजून घाटकोपरला आहेत. त्यांना बोटीत घालून आण."

पाचव्या-सहाव्या वेळेला लक्षात आलं, दोऱ्या गातात. ओढ असली की बारीक शिट्टी. पतंग वर चढत जातो तशी शिट्टी उतरते, आणि मग क्षणभर नुसती फडफड. तिथेच पाय मारायचा. मारला. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. परत तोंड दक्षिणेला. ओरडलो असेन बहुतेक.

म. म्हणत होता वर बघ, वर बघ. मी म्हटलं, "बघायचं कशाला? ऐकू येतंय." तो म्हणाला, "लिफ्टवाला तो लिफ्टवालाच."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारच्या गच्चीवर गुजराती मंडळी पहाटेपासून. मी चहा घेऊन नुसता बघत उभा. पतंग वळवताना ती पोरं हाताकडे बघत नाहीत, पतंगाकडेही बघत नाहीत, गप्पा मारतात. हे माझं झालं पाहिजे.

लता काहीतरी सांगत होती. टीव्हीचा आवाज. मी हो म्हटलं. तिने टीव्ही बंद केला आणि परत सांगितलं : बहिणीकडे तिळगुळाला जायचंय. "कशाला हो म्हणालात मग?" बरोबर आहे.

१८ जानेवारी, रविवार

अमावास्या, समुद्र कुठच्या कुठे आत गेलेला. एवढी वाळू की मैदान.

उजवीकडची वळणं नऊ. सलग. मोजली. उत्तरेकडे जाताना पतंग माझ्या उजव्या हाताला, जमिनीच्या बाजूला. शिट्टी उतरली की पाय, गाडी उजवीकडून फिरून दक्षिणेला. नऊच्या नऊ.

डावीकडची शून्य. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, वारा उजव्या कानात भसाभसा, पतंग डाव्या हाताला. शिट्टी कधी उतरते तेच समजत नाही. एकदा लवकर वळलो, एकदा उशिरा. उशिरा वळलं की पतंग आधीच खाली आलेला असतो आणि गाडी आडवी फरफटत जाते. डावं कोपर, डावी मांडी. दर फेरीला दक्षिणेच्या टोकाला उतरून गाडी हाताने फिरवायची. म्हणजे मी अर्धाच ड्रायव्हर.

मी म्हटलं, डावं चाक घासतंय, बहुतेक ॲक्सल वाकलाय. म. बसला, दोन फेऱ्या मारल्या, डावीकडे चार वेळा वळला, सिगरेट ओठातच. "ॲक्सल ओके आहे."

पण ओके कसा असेल? उद्या वर्कशॉपवर पुसून, मोजून बघतो.

२० जानेवारी, मंगळवार

ॲक्सल सरळ. केसाचाही फरक नाही. मग वाऱ्याचंच काहीतरी. तिथे खाडीकडून वारा फुटत असेल.

मुलुंडला सर्व्हिस. आठ मजल्यांची जुनी बिल्डिंग, सेक्रेटरी एक निवृत्त शिक्षिका, सातव्यावर राहतात. लिफ्ट कधी कधी मजल्याला बोटभर खाली थांबते अशी तक्रार. वर गेलो. सावंत म्हणाला, गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून बारीक कुईकुई येते, "माका वाटता ह्या बदलूक होया."

मी स्क्रूड्रायव्हर लावला. नीट ऐकलं, दोनदा. एकसारखी घरघर, बाकी काही नाही. थांबण्याचं काम स्विचचं होतं, तो सेट केला. सावंत तरी म्हणतोय, "येता, सायेब." सेक्रेटरीबाई दारात उभ्या. गिऱ्हाइकासमोर माझाच माणूस. जरा लागलं मला. म्हटलं, "तीस वर्षांत या कानाने एक बेअरिंग चुकवलेलं नाही. घरी जाऊन कान धुऊन ये." बाई हसल्या. सावंतही हसला.

रजिस्टरमध्ये नोंद केली, सही केली, चहा घेतला. बाईंनी विचारलं, मग आता काळजी नाही ना? म्हटलं, मी ऐकलंय ना.

२५ जानेवारी, रविवार

लिहावं की नाही. लिहितो.

म.ने आज युक्ती काढली. दक्षिण टोकाला जमिनीच्या बाजूने तो उभा राहणार, पतंग डोक्यावर आला की "आत्ता" म्हणून ओरडणार, मी पाय मारायचा. मी सुटलो. पतंग वर घेतला. वाट बघतोय, हा ओरडत नाही. अजून नाही. मग समोर एकदम बांबू, मासे सुकवायच्या ओळी. पाय मारला, उशीर झाला होता. पुढचं चाक बांबूत, बांबू मोडला, बोंबील वाळूत, मी दोऱ्यांत. बाई धावत आली. तिची नात दोन हातांच्या अंतरावर बसली होती. दोन हात. तिथे खेळत होती, मी पाहिलीच नव्हती.

बाई जे बोलली ते बोलली, तिचा हक्क होता. बांबू उभा करून दिला, बोंबील वेचले, धुवायला पाणी आणून दिलं. नात माझ्याकडे बघत होती, तिला मजा वाटली होती.

मी म.वर चिडलो. "ओरडला का नाहीस?"

"पाच वेळा ओरडलो, मॅन. तुझ्या बाजूने पळत होतो. आत्ता, आत्ता, आत्ता!"

"मला एकदाही—"

त्याने खिशात हात घातला. मग माझ्या मागे गेला. जरा वेळाने म्हणाला, "काय वाजवलं?" मी म्हटलं, कधी? तो दुसऱ्या बाजूला आला. किल्ल्या. उजव्या कानाशी किल्ल्या खुळखुळल्या, स्पष्ट. परत डावीकडे गेला. वळून बघितलं तर त्याचा हात हलत होता, किल्ल्या हलत होत्या.

वाऱ्याचा आवाज होता, असं मी म्हटलं. तो हो म्हणाला. बोटीपर्यंत सोडायला आला, एरवी येत नाही. पूर्ण रस्ता माझ्या उजव्या बाजूने चालला.

२७ जानेवारी, मंगळवार

जेवणानंतर लताबरोबर विहारापर्यंत चक्कर. परत येताना म्हटलं, जरा इकडून चाल ना, डावीकडून. ती थांबली.

"का?"

"सहज."

"सहज नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

मग बोलली. दोन वर्षं झाली तिच्या लक्षात आल्याला. डावीकडून बोललेलं पोचत नाही, म्हणून ती उजवीकडून चालते. जेवायची जागा तिने बदलली, खिडकीजवळ ऊन येतं म्हणून. पलंगाची बाजू बदलली, पंखा लागतो म्हणून. मी सगळं खरं मानलं. घरातला कान मी ना!

"सांगितलं का नाहीस?"

"तुमचा सगळा मान त्या कानावर. मी कुठे हात लावू त्याला?"

मुख्य म्हणजे ती रडली नाही. चालायला लागली. उजवीकडून.

२९ जानेवारी, गुरुवार

बोरिवलीला कानाच्या डॉक्टरांकडे. लताला घेऊन गेलो नाही, मग गेटवर बघतो तर ती आलेली.

छोटी खोली, जाड दार, कानांवर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. उजवीकडे दाबत गेलो, मोठी, बारीक, अगदी दूरची. बरं वाटत होतं, जुना खेळ. मग डावी बाजू. दोन-तीन जाड आवाज आले, मग शांत. वाट बघतोय. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेतून मशीन चालवणाऱ्या मुलीकडे बघितलं, ती माझ्याकडेच बघत होती. तिचं बोट बटणावर.

कागदावर डाव्या कानाची रेघ आधी सरळ, मग जिना उतरावा तशी खाली. डॉक्टरीणबाई तरुण, नीट बोलल्या. जाड आवाज येतात. बारीक, वरच्या पट्टीतले गेले. ग्राइंडर, हातोडा, वर्षानुवर्षं. परत येणार नाहीत. मशीन लावता येईल, उपयोग होईल, पण पहिल्यासारखं नाही.

मी विचारलं, कधीपासून? म्हणाल्या सांगता येत नाही, हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही. "दुसरा कान भरून काढत असतो ना."

दुसरा कान भरून काढतो. पण स्क्रूड्रायव्हर मी दुसऱ्या कानाला लावत नाही.

बेअरिंग जातं तेव्हा आधी बारीक आवाज येतो. घरघर शेवटी.

३१ जानेवारी, शनिवार

दोन दिवस काम झालं नाही. रजिस्टर घेऊन बसलो. दोन वर्षांत फक्त माझ्या कानावर पास केलेल्या लिफ्ट सदतीस. माणसं किती ते मोजलं नाही.

स्वतःला समजावून पाहिलं. लिफ्ट अशी खाली पडत नसते. दोर असतात, ब्रेक असतो, हे मीच लोकांना रोज सांगतो आणि खरंच सांगतो. पण गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं की झटके बसतात, मजला चुकतो. एक पाय आत, एक बाहेर, हातात पिशव्या. आणि जास्तच गेलं तर ब्रेक मोटरला धरतो, दोर ज्या पुलीवर असतात तिला नाही. हेही मला माहीत आहे. सेक्रेटरीबाईंना माहीत नाही.

दुसरा रस्ता अगदी सोपा आहे. सोमवारपासून टॉर्च डाव्या हातात, स्क्रूड्रायव्हर उजव्या. कोणी विचारणारही नाही. सदतीस ठिकाणी जादा सर्व्हिसच्या नावाने जाऊन यायचं, गुपचूप. सावंतलाही कळायचं कारण नाही. बातमी फुटली तर सोसायट्या एकेक करून सुटतील. सहा घरं आहेत माझ्या मागे. सावंतच्या मुलीचं लग्न मे महिन्यात.

पण गुपचूप गेलो तर सदतीस लिफ्टना तीन महिने लागतील. सांगून गेलो, सगळी माणसं लावली, तर पंधरा दिवस.

मुलुंडची बाई हसली होती. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

जाणार नव्हतो. लता म्हणाली, "जा. घरात बसून माझ्याकडे बघू नका असे."

म.ला सगळं सांगितलं. त्याने डॉक्टरचा कागद उलटा-सुलटा करून पाहिला, खिशातून कापूस काढला. बायकोकडून मागून आणला होता म्हणे, मागच्या रविवारपासून खिशातच. "दोन्ही कानांत घाल."

"उजवा चांगला आहे."

"म्हणून तर. तो चांगला आहे तोवर तू दुसरं काय शिकणार नाय."

घातला. जग एकदम लांब गेलं. समुद्र दिसतो, आवाज नाही. भीती वाटली, खोटं कशाला. पहिल्या दोन्ही वेळा डावीकडे पडलो. उजवीकडेही पडलो! नऊच्या नऊ वाला मी.

म.ने खुणेने सांगितलं, बुडाकडे लक्ष दे. हो, तेच म्हणायचं होतं त्याला. थापटून दाखवलं. मग कळलं. पतंग बाजूला असतो तेव्हा ओढ माणसाला झोळीत आडवी दाबते. वर चढतो तशी ती दाब सोडते, माणूस उचलल्यासारखा हलका होतो, लिफ्ट खाली सुटताना होतो तसा. मुठी पण तेच सांगतात. आधी बोटं ताणलेली, मग बोटांतला ताण मनगटात, मग कुठेच नाही. तिथे पाय.

चौथ्या वेळेला दक्षिणेकडे जाताना डावीकडे वळलो. गाडी फिरली, पतंग उजव्या बाजूला खाली आला, बोटं परत ताणली, निघालो. काही ऐकू आलं नाही. मी ओरडलो की नाही तेही माहीत नाही.

आणखी दोनदा झालं, तीनदा चुकलं. बांबूवाली बाई नातीला घेऊन लांब जाऊन बसली होती. बरोबर केलं तिने.

बोटीत कापूस काढला. शेजारच्या दोघींचं बोलणं एकदम कानात शिरलं, एका कानात.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सावंतला सांगितलं. सकाळी, वर्कशॉप उघडायच्या आधी, शटरच्या बाहेरच. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. कागद दिला त्याच्या हातात.

त्याने बराच वेळ पाहिला. वीस वर्षं आहे माझ्याबरोबर. मला वाटलं काहीतरी बरं बोलेल, निदान लागेल असं तरी बोलेल. म्हणाला, "त्या दिवशी मुलुंडाक माका आयकाक येय होता, सायेब. तुमी म्हणालात कान धुवन ये. मी खरांच धुतलंय, घराक जावन. बायको म्हणता, ह्यां काय."

मी माफी मागितली. त्याला ते आवडलं नाही, इकडे तिकडे बघायला लागला. मग एकदम कामाचं बोलला : आज कोणाला कुठे पाठवायचं, कुठली आधी. यादी त्यानेच केली. मुलुंड पहिली.

मी सेक्रेटरीबाईंना फोन केला. लिफ्ट आजपासून बंद ठेवा, उघडून बघायचं आहे. का? मी सांगितलं. जसं आहे तसं, कानासकट. बाई म्हणाल्या, "अहो खरात, आठव्यावर आजोबा आहेत, त्यांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागतं." मी म्हटलं, माझी दोन माणसं खुर्चीवरून उतरवतील, चढवतील. "आणि तुम्ही तर म्हणाला होतात..." वाक्य तिने पुरं केलं नाही. शाळेतली बाई. फळ्यावर अर्धं लिहून थांबावं तशी.

बाकीच्या छत्तीस जणांना फोन सुरू केले. अकरा झाले. तिघांनी सांगितलं, कळवतो. कळवतो म्हणजे काय ते मला समजतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आजोबांना मी आणि सावंतने उतरवलं, आठ मजले. हलके आहेत. सहाव्यावर थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "लिफ्टला काय झालं?" ते माझ्या उजव्या बाजूला होते, ऐकू आलं. म्हटलं, बघतोय.

दुपारी मर्विनचा फोन. रविवारी वारा चांगला आहे, आता वाऱ्याच्या तोंडाकडून वळायचं शिकवतो, ते कठीण. येतो की नाही सांगितलं नाही. सतरा फोन बाकी आहेत, एका सोसायटीने पत्र पाठवलंय, उघडलेलं नाही. सावंत आज जेवायला माझ्याबरोबर बसला, डबा उघडला, बोलला मात्र कामापुरतं.

संध्याकाळी मुलुंडचा गिअरबॉक्स उघडला. सावंतने बेअरिंग काढून पुसून माझ्या हातावर ठेवलं. गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा तुटलेला, तीन गोळ्यांना खड्डे, तेलात पितळेची पूड. रजिस्टरमध्ये २० जानेवारीची नोंद आहे : आवाज नाही, ठीक. खाली माझी सही.